अंधाराला दोष देण्याआधी ताट बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘ड’ जीवनसत्त्वावरचा लेख वाचला. मांडणी छान आहे, पण दोन वाक्यं खटकली. एका ठिकाणी म्हटलंय की ध्रुवाजवळच्या ‘एस्किमोंना’ सहा महिने सूर्य दिसत नाही, म्हणून त्यांच्यात ‘ड’ची कमतरता असते. आणि त्याच पानावर खाली चौकटीत सल्ला, की एस्किमोंसारखं माशाचं तेल घ्या, हृदय ठणठणीत राहील. वर बिचारे, खाली आदर्श! मी ३३ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं मशीन सांभाळलं. डॉक्टर नाही. पण ‘ड’चे रिपोर्ट हजारोंनी हातावेगळे केलेत आणि निवृत्तीनंतर या विषयाचा नादच लागला, म्हणून हे पत्र.

आधी किरकोळ दुरुस्त्या. ‘एस्किमो’ हे नाव त्या लोकांपैकी अनेकांना आता नकोसं आहे. ग्रीनलँड आणि कॅनडातले इन्युइट, अलास्काच्या उत्तरेकडचे इन्युपियाट आणि नैर्ऋत्येकडचे युपिक, हे सगळे एक नव्हेत. सहा महिन्यांची रात्र थेट ध्रुवावरच असते आणि तिथे कुणाचं गाव नाही. अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्कियागविकला, म्हणजे जुन्या बॅरोला, साधारण ६५ दिवस सूर्य उगवत नाही. तेही कमी नाहीत म्हणा.

आता मुद्द्याचं. कातडीत ‘ड’ तयार व्हायला उन्हातले ठरावीक अतिनील किरण लागतात आणि सूर्य खाली कललेला असला की ते वातावरणातच अडकतात. अमेरिकेतलं बॉस्टन ४२ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथेसुद्धा नोव्हेंबर ते फेब्रुवारी कातडीत ‘ड’ बनत नाही. मग ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ६५-७० अंशांवर गेल्या, ते मुडदुशीने संपले कसे नाहीत? बरं, इन्युइटांचा रंगही त्या अक्षांशाच्या मानाने सावळाच. गोऱ्या कातडीत कमी उन्हातही ‘ड’ बनतं; तुटपुंज्या उन्हातून ते मिळवायची धडपड असती तर ते नॉर्वेकरांसारखे गोरे व्हायला हवे होते. नीना जॅब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली कातडीच्या रंगाचा जगभरचा हिशोब मांडला, तेव्हा या अपवादाचं कारण त्यांनी आहारात शोधलं. सूर्याचं काम ताट करत होतं.

आणि ताट कसलं, तर सीलचं मांस आणि काळीज, ‘आर्क्टिक चार’ नावाचा गुलाबी मांसाचा मासा, व्हेल. पाण्यावर उन्हात तरंगणाऱ्या बारीक जीवांपासून, म्हणजे प्लवकांपासून, माशांत आणि माशांपासून सीलमध्ये, असं हे जीवनसत्त्व साखळीने वर चढतं आणि चरबीत साठतं. मुक्तुक म्हणून एक पदार्थ आहे. व्हेलची कातडी खालच्या चरबीसकट कापतात, अर्धगोल पात्याच्या उलू नावाच्या सुरीने तिचे छोटे चौकोन करतात आणि कच्चेच खातात. काही व्हेलचा तुकडा पाठ काळी न्‌ पोट पांढरं असा, थेट ओल्या खोबऱ्याच्या कापासारखा दिसतो. त्यात ‘ड’ आहे आणि ‘क’सुद्धा. जिथे लिंबू कुणी पाहिलं नव्हतं तिथे ‘क’च्या अभावाने होणारी स्कर्व्ही का नव्हती, याचं बरंचसं उत्तर त्या कापात आहे.

जुनं सगळं सोनं होतं असं मात्र मी म्हणत नाही. १९७४ मध्ये उत्तर अलास्कातल्या लोकांच्या हाडांची मोजणी प्रसिद्ध झाली. चाळिशीनंतर त्यांची हाडं गोऱ्या अमेरिकनांपेक्षा १०-१५ टक्के हलकी भरली. मांस भरपूर, कॅल्शियम बेताचं, त्याची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच.

पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत बदललं ते ताट. अंधार होता तेवढाच आहे. यात केवळ ‘पोरांना चिप्स आवडायला लागले’ एवढंच नाही. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इन्युइट मोठे सील मारायचे, पिल्लं नव्हेत, पण बाजार सगळ्यांचाच बसला. कातडं विकून जो पैसा येई त्यातून स्नोमोबिलचं पेट्रोल आणि बंदुकीची काडतुसं येत. पैसा आटला, शिकार आटली. २००९ च्या दुसऱ्या बंदीत इन्युइटांना सवलत दिली होती. गिऱ्हाईकच उरलं नाही तर सवलत काय चाटायची? त्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या क्युबेकच्या उत्तरेकडच्या नुनाविकमध्ये बायकांच्या दुधात पीसीबी हे कारखानी विष दक्षिणेतल्या बायकांच्या सुमारे पाचपट निघालं. ज्या साखळीतून ‘ड’ चढतं, त्याच साखळीतून हेही चढलेलं. ज्या आईने हे ऐकलं, तिने सीलचा तुकडा पोराच्या ताटात वाढताना काय विचार केला असेल?

मग दुकान. कॅनडातल्या नुनावुटमध्ये २५ गावं आहेत आणि त्यांना एकमेकांशी जोडणारा एकही रस्ता नाही. ताजं दूध विमानाने येतं आणि महाग विकलं जातं. कॅनडात सरकारी नियमाने दुधात ‘ड’ घालतात हे खरं, पण मोठ्या वयात दूध न पचणारे लोक इन्युइटांत पुष्कळ. औषध अशा वाटीतून दिलं जातंय, जी रोगी तोंडाला लावत नाही. २००२ ते २००४ या दोन वर्षांत कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांनी ‘ड’च्या अभावाने झालेल्या मुडदुशीची १०४ मुलं नोंदवली, लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त प्रमाण उत्तरेकडच्या प्रदेशांत. तेव्हा मुलांमधली कमतरता खरी आहे, तिला थेंब द्यायलाच हवेत. ती अंधाराच्या माथी मारू नका, एवढंच म्हणणं.

तुमच्या चौकटीतल्या माशाच्या तेलाबद्दल आता. ही कल्पना १९७०च्या दशकात बँग आणि डायरबर्ग या दोन डॅनिश संशोधकांच्या ग्रीनलँडमधल्या कामातून आली. पुढे २०१५ मध्ये ग्रीनलँडच्या इन्युइटांची जनुकं तपासली तेव्हा फॅड्स नावाच्या जनुकसमूहात असा एक बदल सापडला, जो इन्युइटांत जवळपास सर्वांत, चिनी हान लोकांत सुमारे १५ टक्क्यांत आणि युरोपियनांत सुमारे २ टक्क्यांत आहे. साध्या तेलापासून माशाच्या तेलात असतात तशी लांब साखळीची मेदाम्लं तयार करण्याचं शरीरातलं काम हा बदल मंद करतो. ताटातच इतकी तयार येतात, तर घरी कशाला बनवा? असे लोक चरबी खाऊन कसे राहतात, हे बघून बाकीच्यांना तेल पाजायचं म्हणजे मासा पोहतो म्हणून मांजराला पाण्यात टाकण्यासारखं.

आणि गंमत पुढे आहे. २०१६ मध्ये याच जनुकाचा उलट टोकाचा नमुना सापडला तो आमच्या पुण्यात! मुख्यतः शाकाहारी असलेल्या पुण्यातल्या २३४ जणांचे नमुने तपासले, तर ६८ टक्क्यांत त्या जागी आई आणि वडील दोघांकडून आलेला जनुकाचा जास्तीचा तुकडा होता. अमेरिकेत कॅन्सासला तोच १८ टक्के. हा तुकडा असला की वनस्पतींतल्या मेदापासून शरीर ही मेदाम्लं जोरात बनवतं. इन्युइटांत निवडला गेला तो याच्या उलट प्रकार. आमटी-भात खाणारे पुणेकर आणि सील खाणारे ग्रीनलँडकर एकाच जनुकाच्या दोन टोकांना बसलेत, आणि तुमची चौकट दोघांच्या हातात एकच कॅप्सूल देते.

‘ड’च्या बाबतीतही असंच काही आहे का? ग्रीनलँडकर आणि डॅनिश लोकांची एक तुलना २००४ मध्ये आली. दुकानाच्या खाण्यावर आलेल्या ग्रीनलँडकरांत साठवणीचं ‘ड’ घटलेलं होतं, पण डॅनिशांच्या मानाने त्यांच्यात प्रत्यक्ष काम करणारं ‘ड’ जास्त आणि ‘ड’ कमी पडलं की वाढणारं पॅराथायरॉइड संप्रेरक कमी दिसलं. आपण लॅबमध्ये मोजतो ते साठवणीचं, म्हणजे पासबुकातली शिल्लक. खिशातल्या रोकडीचा त्यावरून अंदाज करतो. तो प्रत्येक समाजात सारखाच बरोबर येईल, असं मला वाटत नाही.

ही पट्टी कशी सरकते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं, रक्तात साठवणीचं ‘ड’ मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम असलं की पुरे. २०११ मध्ये तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांच्या संघटनेने, सांगितलं, ३० हवं. आमच्या लॅबमध्ये एका सोमवारी रिपोर्टचा साचा बदलला, आणि शनिवारी २४ घेऊन हसत गेलेल्यांच्या जागी सोमवारी २४ घेऊन लोक चेहरे पाडून बसले. आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘लो’ आणि शेजारी चांदणी. त्यानंतर चांदण्या इतक्या छापल्या की आम्ही त्या रिपोर्टला आकाशकंदील म्हणायचो. २०२४ मध्ये त्याच सोसायटीने ३० चा आग्रह सोडला. ज्यांनी दर आठवड्याला ‘ड’ची साठ हजार युनिटची पुडी दुधात ढवळली, त्यांना हे कळवायला कुणी गेलं नाही. आपल्याकडेच ही कथा, तर कोपनहेगन आणि बॉस्टनच्या रक्तावर आखलेली पट्टी मुक्तुक खाणाऱ्यांना लावून ‘सगळे आजारी’ म्हणणं कितपत बरं?

माझ्या दोन विनंत्या आहेत. पुढच्या अंकात ‘एस्किमो’ शब्दाची दुरुस्ती छापावी आणि माशाच्या तेलाची ती चौकट मागे घ्यावी. दुसरी जरा तातडीची आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी ती चौकट कापून फ्रिजवर चुंबकाने लावली आहे आणि त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी म्हटलं, “अहो काकू, हे तुमच्यासाठी नाही.” त्या म्हणाल्या, “मग छापलं कशाला?”

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पुणे