उमेदवाराला दरसूची, पक्षाला मोकळं रान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक खर्चावरचा आपला अग्रलेख वाचला. उमेदवार खोटे हिशेब देतात, हा त्यातला सूर खोटा नाही, पण बाजू अर्धीच आली आहे. मी छोट्या पक्षांच्या आणि अपक्ष उमेदवारांच्या खर्चाच्या नोंदवह्या लिहून देतो, म्हणून हे पत्र.

विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ४० लाखांची मर्यादा आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं. वहीची पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. पूर्ण निवडणुकीत मिळून एका माणसाला किंवा दुकानाला दहा हजारांच्या वर रोख देता येत नाही. कार्यकर्त्याच्या हे गावीही नसतं. तो मांडववाल्याला तीन वेळा चार-चार हजार देऊन मोकळा होतो आणि रात्री शर्टाच्या खिशातून घामाने ओल्या झालेल्या, तारीख नसलेल्या पावत्या टेबलावर टाकतो. नियम मोडलेला असतो, पण चोरी कुठे आहे? मित्राने खुर्च्या फुकट दिल्या तरी जिल्ह्याच्या दरसूचीप्रमाणे, म्हणजे प्रशासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीप्रमाणे, त्या खर्चात धरायच्या. चहा-वडापावचंही तेच. खर्च निरीक्षक प्रचारकाळात किमान तीनदा वही मागवतात आणि त्यांच्या छाया नोंदवहीशी, म्हणजे त्यांच्या माणसांनी उमेदवाराच्या खर्चाची स्वतंत्रपणे ठेवलेल्या नोंदीशी, ताडून पाहतात.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. तोवर कार्यालय आवरलेलं, पोरं पांगलेली, सहीला कुणी सापडत नाही. योग्य कारणाशिवाय हिशेब चुकला तर तीन वर्षं अपात्रता.

आता पक्षांकडे पाहा. पक्षाने किती खर्च करावा याला कायद्यात मर्यादाच नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च, हेलिकॉप्टरसकट, उमेदवाराच्या नावावर पडत नाही. उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही मर्यादेत धरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली सांगितलं होतं. त्याच वर्षी सरकारने वटहुकूम काढून ती वाट बुजवली. २००३ च्या दुरुस्तीने ती थोडी उघडली खरी, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही हात लागलेला नाही. पक्षांना देणग्या देण्याचे निवडणूक रोखे २०२४ च्या फेब्रुवारीत रद्द झाले तेव्हा पैसा येतो कुठून याची भरपूर चर्चा झाली. जातो कुठे, हे कुणी विचारलं नाही.

पक्षांच्या खर्चाला मर्यादा हवी, हे तर आहेच. ती येईल तेव्हा येईल. संसदेतले सगळेच पक्ष या बाबतीत एकमेकांचे सख्खे भाऊ! तोवर आयोगाने निदान अर्जासोबत सगळे चालू नियम एकत्र असलेली सोप्या मराठीतली पुस्तिका उमेदवाराच्या हातात द्यावी. आज लोकसभा-विधानसभेचे नियम केंद्रीय निवडणूक आयोगाचे, महापालिका-जिल्हा परिषदेचे राज्य निवडणूक आयोगाचे. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही.

आपल्यालाही एक विनंती. उमेदवाराचा हिशेब एक रुपया शुल्क भरून कुणालाही पाहता येतो, आणि विधानसभेनंतर पक्षांना ७५ दिवसांत आयोगाकडे खर्चाचं विवरण द्यावं लागतं. उमेदवाराला इतके दिले असं पक्ष लिहितो, तेवढे त्याच्या वहीत जमा दिसतात का, हे आपल्या वार्ताहराने एखाद्या मतदारसंघात ताडून पाहावं आणि जे सापडेल ते छापावं.

आपला,
एक हिशेबनीस वाचक