किल्ली देऊन टाक, सुहास

सोलापूर

चि. सुहास यास,
अनेक आशीर्वाद.

वाण्यांचा अमेय शनिवारी निघतोय. त्याच्या बॅगेत आईनं शेंगाचटणी, कडक भाकरी आणि ईराचा फ्रॉक कोंबलाय, त्यातच हे पत्र. परवा फोनवर तुझ्या डॉज चार्जर हेलकॅटवरून बोलता बोलता आपलं वाजलं आणि तू ‘अण्णा, मी ठेवतो’ म्हणालास. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी हे सांगतो की गाडी झकास आहे. तुला वाटतं म्हाताऱ्याला कौतुकच नाही. तू पाठवलेला फोटो डेपोबाहेरच्या टपरीवर मी सगळ्यांना दाखवला. 6.2 लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, 717 हॉर्सपॉवर. गायकवाड म्हणाला, म्हणजे आपल्या चार लेलँड एकत्र जुंपल्या की ओ! मी म्हटलं, चार जुंपून वर थोडं उरतंय. वालचंद कॉलेजला माझ्या लुनावर जाणारा पोरगा आज डेट्रॉइटला, गाड्यांच्याच गावात, इंजिनवर काम करतो. हे मी टपरीवर दोनदा सांगितलं. गायकवाड म्हणाला तीनदा.

पण तुझ्या ऑफिसातल्या त्या मुलाला पेट्रोल पंपावर पिस्तूल दाखवून गाडी नेली, हे तू हसत सांगितलंस, आणि तेव्हापासून माझं डोकं तिथंच अडकलंय. आई म्हणाली, पत्रात ते नको, पोरगं लांब आहे. बरं, नाही लिहीत फार. एवढंच की कुणी समोर उभा राहिला तर किल्ली देऊन टाक.

पिंकीला सांगून मी मोबाईलवर थोडं वाचून घेतलं. तिकडं विम्याच्या दाव्यांचे आकडे ठेवणारी एचएलडीआय म्हणून संस्था आहे. तिनं 2023 मध्ये सांगितलं की 2020 ते 2022 मॉडेलच्या चार्जर हेलकॅटच्या चोरीचे दावे सरासरी गाडीच्या साठपटीहून जास्त आहेत. तुझी 2021 ची, म्हणजे बरोब्बर त्यात बसणारी. हे तुला गाडी घेताना ठाऊक होतं का? असणारच, तू सगळं वाचून घेणारा. मग मला का नाही सांगितलंस, असं विचारणार होतो. पण उत्तर मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मला ड्रायव्हर म्हणून लगेच कळली. आमच्या काळी स्टेअरिंगखालच्या दोन वायरी खरवडून जोडल्या की गाडी सुरू. आता किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन उठत नाही. मग चोरापुढं मुख्य वाटा दोन. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र लावून नवी किल्ली तयार करायची, नाही तर किल्ली ज्याच्या खिशात आहे त्यालाच गाठायचं. कुलूप जितकं पक्कं झालं तितका माणूस कच्चा सापडायला लागला. आणि तुझी गाडी तर घरापासून दोन गल्ल्या अलीकडं आवाजानंच ओळखू येत असणार. पाठीमागून कुणी येतोय का, हे घराच्या वळणाआधी आरशात बघत जा. कुणी असला तर घरी वळू नकोस, सरळ पुढं पोलीस ठाण्यापर्यंत जा. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेव, बाहेर काढायला जागा राहते. कुणी मागून हलकीशी धडक दिली तर तावातावानं खाली उतरू नकोस. उतरलास की त्यांचं काम झालं.

ही युक्ती आपल्याकडंही आहे, अमेरिकेची मक्तेदारी नाही. धाराशिवच्या रस्त्यावर रात्री चोर गाडीखाली जॅक फेकायचे. खाडकन आवाज झाला की ट्रकवाला काहीतरी तुटलं असं वाटून थांबतो. जगन्नाथमामा असाच थांबला. त्यांनी पैसे मागितले, मामानं लोखंडी टॉमी उचलली. त्याचा डावा हात तू पाहिलायस. बोटं वळत नाहीत, म्हणून चहा बशीत ओतून दोन्ही तळव्यांमध्ये बशी धरून पितो. लहानपणी तू त्याची नक्कल करायचास आणि आई तुला चापट मारायची. त्या ट्रकमध्ये कांदा होता, सुहास. तोही दुसऱ्याचा.

झालं, भाषण सुरू झालं माझं. माफ कर. तू चाळिशीला टेकलास आणि मी तुला सिग्नलला कसं थांबायचं शिकवतोय. मृणालला हा भाग वाचून दाखवू नकोस, हसेल ती. किंवा दाखवच.

खरं सांगू? मला चोराची भीती कमी आहे, तुझी जास्त आहे. तुझ्या हातातून काही सुटत नाही. गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, तुझी नवी बॅट त्या मोठ्या पोरांनी ओढली होती. तू सहावीत. ती चौघं, तू एकटा, आणि बॅट काही सोडेना. हनुवटी फुटली. बाराबंदीवर रक्त सांडलेलं, आणि बॅट पोटाशी धरून तू दवाखान्यात बसलेला. डॉक्टर म्हणाले, बाळ, बॅट खाली ठेव, टाका घालायचाय. तू मान हलवून नाही म्हणालास. शेवटी बॅट मांडीवर ठेवूनच टाके घातले. मी महिनाभर डेपोत ती गोष्ट सांगत होतो. हैदराबादच्या नाईटला कंडक्टर झोपू नये म्हणूनही सांगितलीय. आईला तेव्हाही ती गोष्ट आवडायची नाही.

आता त्या बॅटच्या जागी हेलकॅट आहे, आणि मागच्या सीटवर ईरा.

‘चार दरवाजे आहेत अण्णा, फॅमिली कार आहे,’ असं तू म्हणालास ना? त्यावर मला हसू आलं होतं. नंतर पिंकीनं एक जुनी बातमी वाचून दाखवली. 1992 चा सप्टेंबर, मेरीलँड. भारतात जन्मलेली केमिस्ट बाई, दोन वर्षांचीही नसलेली मुलगी बीएमडब्ल्यूत मागं. पहिल्यांदाच शाळेत सोडायला निघालेली. स्टॉपच्या पाटीपाशी दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं. मुलीसाठी ती परत गाडीकडं झेपावली, हात सीटबेल्टमध्ये अडकला आणि गाडी निघाली. मुलीला त्यांनी सीटसकट बाहेर टाकलं, ती वाचली. आई नाही वाचली. त्याच ऑक्टोबरमध्ये तिकडं अशा गाडी-लुटीविरुद्ध केंद्राचा कायदा झाला. कायदा झाला हे ठीकच.

म्हणून आधी ठरवून ठेव, वेळेवर सुचत नाही. हात दिसतील असे वर. बेल्ट काढताना आधी तोंडानं सांग की बेल्ट काढतोय, नाही तर त्याला वाटेल काहीतरी बाहेर काढतोस. पोरगी मागं आहे, तिला घेतो, हे मोठ्यानं, दोनदा सांग. आणि किल्ली खिशात राहू देऊ नकोस. बटणाची गाडी किल्ली लांब गेली तरी चालू राहते, पण एकदा बंद पडली की परत सुरू होत नाही, मग ते किल्लीसाठी फिरून येतील. ईरा हातात आली की गाडीकडं बघायचंसुद्धा नाही. विमा आहे. नसता तरी तेच लिहिलं असतं.

गाडी विक, असं मी म्हणणार नाही. आईनं म्हणायला सांगितलं होतं. तू कष्टानं घेतलीस, तशी गाडी आता बनतही नाही, 2023 ला बंद केली म्हणे. मलाही एकदा बसायचंय तिच्यात. गुडघ्याचं आटोपलं की बघू. काकांच्या जागेचं अजून तसंच आहे, तू त्यात पडू नकोस. यंदा गड्ड्याच्या यात्रेत अक्षतेला तुझ्या नावानं मी उभा राहीन.

तुझे
अण्णा

ता. क. – डॉजनं 2021 मध्ये या गाड्यांसाठी एक सोय काढलीय, डीलर फुकट बसवून देतो. चार आकड्यांचा कोड घातल्याशिवाय इंजिन 675 आरपीएमच्या वर जात नाही, ताकद 3 हॉर्सपॉवरच्याही खाली. म्हणजे माझ्या लुनाच्या बरोबरीला येते. उभ्या गाडीची चोरी तेवढी टळेल. बसवली नसशील तर या आठवड्यात बसव आणि मला कळव. ईराची जन्मतारीख कोड म्हणून ठेवू नकोस, ती तुझ्या फेसबुकवर आहे. आणि कुणी समोर येऊन कोड मागितला, तर तोही सांगून टाक.