दुर्बिणीचं काय करायचं ते सांग

बाळ्या,

दिवाळीच्या पाडव्याला तुझा फोन आला होता तो मी मुद्दाम उचलला नाही. नंतर 'मीटिंगमध्ये होतो' असा मेसेज टाकला, पाडव्याला कसली रे मीटिंग, तुलाही कळलंच असेल. तू 'दिसला का?' एवढंच विचारलं असतंस आणि मला उत्तर देता आलं नसतं. आज जानेवारीची १९ तारीख, अडीच महिने होऊन गेले. लिहूनच टाकतो, कारण फोनवर हे जमणार नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर तो म्हणेल त्यात काय एवढं.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू आहे. आईचा खुबा बरा आहे, वॉकर घेऊन हॉलपर्यंत येते.

तर ऐक. मी धूमकेतू विसरलो.

म्हणजे ढग होते, ऑफिस होतं, आई आजारी होती, असलं काही नाही. दसऱ्यानंतरचा तो आठवडा, त्सुचिनशान-अॅटलास संध्याकाळी पश्चिमेला, नुसत्या डोळ्यांनी दिसण्याएवढा, शुक्र खाली आणि तो त्याच्या वर. पाऊस संपत आलेला, दोन संध्याकाळी तर आकाश चक्क धुतल्यासारखं होतं. मी घरी होतो. बायनॉक्युलर कपाटात होती, गच्चीची चावी खिळ्याला होती. ऑगस्टमध्ये मी स्वतः कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण केली होती. आणि चार-पाच दिवसांनी आपल्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला तेव्हा मला आठवलं की अरे, हे होतं. तोवर वर चंद्राचा उजेड वाढला होता, धूमकेतू दूर जाऊन मंद होत चालला होता. तरी बघता आला असता. मी गेलो नाही. आणि बाळ्या, वाईटही वाटलं नाही. वाईट वाटलं नाही याचं मात्र तेव्हापासून रोज वाईट वाटतंय, ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

हेल-बॉपच्या वेळी आपण काय होतो आठव. १९९७चा मार्च-एप्रिल, डोंबिवलीच्या गच्चीवरून, स्टेशनच्या दिव्यांच्या उजेडातसुद्धा शेपटीसकट दिसायचा आणि तरी आपल्याला पुरायचा नाही म्हणून कर्जत लोकल पकडून वांगणीला जायचो. बदलापूर सोडलं की बाहेर काळोख सुरू व्हायचा आणि तू दारात उभा राहून 'आला, आला' करायचास. मी तेव्हा अडीच हजार वर्षांनी परत येणाऱ्या गोष्टीसाठी कंपनीतली पहिली नोकरी घालवली होती, तीन दिवस न सांगता दांडी मारून, आणि नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. त्याच्या दोन वर्षं आधी ऐन दिवाळीत घरात फराळ सोडून फत्तेपूर सिक्रीला गेलो, जेमतेम मिनिटभराच्या खग्रास ग्रहणासाठी, जाताना येताना जनरल डब्यात. त्या मिनिटात तू रडत होतास आणि मला म्हणालास थंडीने डोळ्यातून पाणी येतंय. मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. (ग्रुपवर सांगणार होतो एकदा, तू वाढदिवसाला फोन केला नव्हतास तेव्हा.)

तोच माणूस आता जिना चढून गच्चीवर जायला विसरतो. मग मला भीती वाटते की एक आवड गेली, तशा एकेक करत सगळ्याच जातील आणि जाताना कळणारही नाही.

लोक म्हणतात वय झालं की असं होतंच. जाड्याचं बघ, तो माणूस बाइकवर लडाखला गेला होता आणि आता भेटला की एसआयपीचे आकडे सांगतो. आमच्या हिचं म्हणणं, 'अहो, पन्नाशी आली, प्रायॉरिटी बदलतात, त्यात रडायचं काय.' पण मग सरांचं काय? सरांना ७८ वर्षं पूर्ण झाली, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, आणि ते त्या आठवड्यात मुलाला गाडी काढायला लावून माळशेजकडे गेले होते धूमकेतू बघायला. मला फोन करून म्हणाले, 'नव्या लेन्समधून निळा रंग किती स्वच्छ दिसतो रे.' म्हणजे वयाचं कारण खोटं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

आता त्या संध्याकाळी मी काय करत होतो ते सांगतो, म्हणजे तुला पूर्ण कळेल. मी आईजवळ बसून ओव्या लिहून घेत होतो.

खुब्याच्या ऑपरेशननंतर ती संध्याकाळची बेचैन व्हायला लागली. सकाळी काय जेवली ते आठवत नाही पण दिवेलागणीला एकदम जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागते, हात हवेत गोल फिरतो, खुंटा धरल्यासारखा. पहिल्यांदा मला वाटलं बरळतेय. मग ऐकत बसलो. मग एक दिवस लिहायला कागद शोधला तर हाताला आपली निरीक्षणांची वही लागली, ती लाल पुठ्ठ्याची, निम्मी कोरीच होती. तारीख, वेळ, ढग किती, दृश्यता किती, असे रकाने तूच आखले होतेस. त्याच रकान्यांत लिहितो. ढगांच्या रकान्यात आईचा मूड लिहितो. २१२ झाल्या आतापर्यंत. ग्रामीण बायकांच्या अशा ओव्या गोळा करायचं केवढं मोठं काम झालंय माहितीये का, हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात बसून आणि गावोगाव फिरून सुरू केलं, लाखाच्या वर ओव्या जमल्या. मी नेटवर तासन्‌तास ऐकत बसतो, एखादी आईच्या ओवीच्या जवळची निघते पण शेवट वेगळा असतो, की मग मला झोप येत नाही. हे असं मला पूर्वी कशाने व्हायचं ते तुला माहीतच आहे.

परवाची एक ओवी बघ:

चांदणी उगवली, वाड्याच्या मागल्या दारी
सरंना दळण, सुपात उरली बाजरी

आता ही शुक्राची चांदणी. वीस वर्षांपूर्वीचा मी असतो तर लगेच हिशोब मांडला असता की आईचं लग्न १९६३चं, तेव्हा शुक्र पहाटे केव्हा केव्हा होता, दार पूर्वेचं की कुठलं, आणि स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून तारीख काढून तिला दाखवली असती. मनात आलंही तसं. पण तोंडातून निघालं ते, 'तुला किती वाजता उठवायच्या?' ती म्हणाली, 'घड्याळ कुणाकडं होतं? चांदणीला उठायचं. कधी चुकून मोठ्या चांदणीला उठायचे आणि दळण सरून गेलं तरी उजाडायचं नाही, मग तशीच जात्यावर डोकं टेकून झोपायचे.' एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा. मी काही बोललो नाही.

आणि सप्तर्षींना ती काय म्हणते माहितीये? बाजलं. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजल्याचे चार पाय आणि शेपटीचे तीन ते चोर, बाजलं पळवायला आलेले. अकोले तालुक्यातल्या तिच्या गावात सगळे तेच म्हणायचे. मी तीस वर्षं त्या सप्तर्षींवर भाषणं दिली, वसिष्ठ-अरुंधती दाखवून पोरांचे डोळे तपासले, वसिष्ठ ऐंशी प्रकाशवर्षांवर आहे हे झोपेत सांगेन, आणि घरात एक बाई हे सगळं दुसऱ्या नावांनी ओळखून बसलेली होती तिला मी एकदाही विचारलं नाही. विचारावंसं वाटलंच नाही. माणसं मला तेव्हा मधे मधे येणारी वाटायची, खरं सांगतो.

यात तूही आलास. २००१चं सांगायचंय मला.

नोव्हेंबरची १८-१९ची रात्र, सिंह राशीचा उल्कावर्षाव. १९९८ला आपली रात्र चुकली होती, ठरल्याच्या आदल्या रात्रीच मोठ्या उल्का पडून गेल्या होत्या, ९९ला कमाल युरोपच्या वाट्याला गेली, आणि २००१ला अखेर आपल्याकडची रात्र होती. तू शब्द दिला होतास. आणि संध्याकाळी सात वाजता तुझा फोन की पिल्लूला ताप आहे, महिन्याभराची आहे, नाही येत. मी काय बोललो ते तू कधी काढत नाहीस पण मला शब्द न् शब्द पाठ आहे. म्हटलं, 'ताप उतरेल, ही रात्र परत येणार आहे का? तू संपलास बाळ्या, आता वरणभात खा आणि झोप.' आणि मग वांगणीच्या माळावर चटईवर पडून पहाटेपर्यंत एकट्याने सातशेच्या वर मोजल्या, आडव्या तिडव्या, मागे धुराच्या रेघा सोडत जाणाऱ्या, आयुष्यात पुन्हा तसं पाहिलं नाही, आणि प्रत्येक मोठी गेली की शेजारी वळून बघत होतो. सहा महिने तुझ्याशी बोललो नाही. पिल्लूच्या बारशालाही आलो नाही. ती आता २३ वर्षांची आहे आणि मला काका म्हणते, एकदा विचारत होती, 'तुम्ही माझ्या बारशाच्या फोटोत का नाही?' मी म्हटलं, गावाला गेलो होतो.

मी चुकलो होतो. तू तेव्हा कुठे होतास हे मला आत्ता, आईच्या बाजूला वही घेऊन बसल्यावर कळलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली याबद्दल रागाव, पण फोन उचल.

पण बघ, इथेच माझं अडतं. तू त्या रात्री आला नाहीस पण तुला यायचं होतं, आवाजावरून कळत होतं, तू रडवेला झाला होतास. मला या वेळी जायचंच नव्हतं. तुझी ओढ शाबूत होती आणि तू ती बाजूला ठेवलीस. माझी ओढच दुसरीकडे निघून गेली. ही ओव्यांची गोडी खरी आहे, त्यात खोट नाही, पण ती माझी आहे की आई जाणार या भीतीची आहे? ती गेल्यावर मी परत गच्चीवर जाईन का? की तेव्हा दोन्ही नसेल? रात्री दोनला जाग येते आणि हाच विचार. पूर्वी दोनला जाग आली की मी गॅलरीत जाऊन मृग कुठवर आलाय बघायचो.

आता मुद्द्याचं. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. ३१ मार्चपर्यंत चावी द्यायची आहे, मग तीन वर्षं तरी भाड्याचं वन बीएचके, आई, आम्ही दोघं आणि तिचा वॉकर. सामान निम्मं करायचंय. माळ्यावर दुर्बीण आहे.

ती अर्धी तुझी आहे म्हणून विचारतोय. सहा इंची आरसा, १९९६चा अख्खा उन्हाळा आमच्या गॅलरीत ड्रमभोवती गोल गोल फिरत आपण घासला. ऐंशी नंबरची कार्बोरंडमची पावडर, मग एकशेवीस, दोनशेवीस, असं सहाशेपर्यंत, आणि तू एकदा हात न धुता पुढच्या पावडरीला लागलास, एक कण राहिला आणि चार दिवसांचं काम मातीत. तेव्हाचं भांडण सगळ्या मजल्यांनी ऐकलं. मग पॉलिशसाठी डांबर, सेरियम ऑक्साइड, आणि रात्री दिवे घालवून आरशाचा आकार तपासायला ब्लेडच्या धारेवर ती सावली बघणं. आरशावरची सावली पहिल्यांदा सारखी पसरली तेव्हा तू माझ्या पाठीत असा गुद्दा घातलास की माझा श्वास अडकला. आजही डोळे मिटले की तो घासण्याचा आवाज येतो मला, आधी खरखर, मग बारीक होत होत शेवटी नुसती कुजबूज. आणि आता हे लिहिताना लक्षात येतंय की आई जात्याचा जो आवाज तोंडाने काढते तो साधारण तोच.

अजून एक. आरशाच्या कडेला जो टवका आहे तो तू उडवलेला नाहीस. इतकी वर्षं तू मान्य करत आलास की ड्रमवरून उचलताना तुझ्याच हातून लागला असेल. तू चहा आणायला खाली गेला होतास, मी मोरीत धुवायला नेला आणि नळाला आपटला. तू परत आल्यावर घाबरून म्हटलं, 'हे बघ काय केलंस.' आणि तू सॉरी म्हणालास. तेव्हा सांगायला हवं होतं, मग राहिलं ते राहिलंच.

सर म्हणतात एखाद्या शाळेला दे. हिचं म्हणणं निदान ट्यूब आणि स्टँड तरी काढू. मला ठरवता येत नाहीये. शाळेत कपाटात पडून बुरशी धरेल असं वाटतं, आणि माझ्या माळ्यावर तरी वेगळं काय होतंय. वांगणीलाही आता पूर्वीचा काळोख नाही, बदलापूर तिथवर पसरलंय. तुझ्याकडे बडोद्याला टेरेस आहे. पण तू तरी बघतोस का रे अजून? खरं सांग. तूही त्या आठवड्यात गेला नव्हतास असं निघालं तर मला बरं वाटेल की आणखी भीती वाटेल, माहीत नाही.

तुझं काय चाललंय? वहिनींचं गुडघ्याचं कुठवर आलं? पिल्लूला पुण्यात रूम मिळाली का, नाहीतर हिच्या मावशीची कोथरूडची खोली रिकामी होतेय, विचारून ठेवतो. दुकानाचं जीएसटीचं लफडं मिटलं असेल अशी आशा आहे.

मार्च संपायच्या आत एखादा शनिवार काढून ये. माळ्यावरून ती उतरवायला दोन माणसं लागतात, ट्यूब काही हलकी झालेली नाही. आईला सांगितलं बाळ्याला पत्र लिहितोय, तर कालचं जेवण विसरणारी बाई पटकन म्हणाली, 'तो विमानवाला ना?' तू एकदा रात्री दोनला तिला झोपेतून उठवून गच्चीवर नेलंस उपग्रह दाखवायला आणि ते सहारला उतरणारं विमान निघालं, ते तिला लख्ख आठवतंय. कधी येणार म्हणून विचारतेय. काय सांगू?

तुझा,
दादू