शेवटच्या वर्षातल्या सोबत्यांचे मनःपूर्वक आभार

शाळेच्या शेवटच्या वर्षी सराव परीक्षेत गणिताचा पेपर जवळजवळ कोरा ठेवून मी वर्गाबाहेर आले, तेव्हा जिन्यात काहीही न विचारता माझ्या शेजारी बसून राहिलेल्या मैत्रिणीचे आभार सर्वांत आधी मानायचे आहेत. स्पर्शिका त्रिज्येला लंबच का असते, हे मधली सुट्टी खर्ची घालून ज्या शिक्षकांनी मला पुन्हा पुन्हा समजावले, त्यांच्या पेन्सिलीची पुसट झालेली ती आकृती माझ्या वहीच्या मागच्या पानावर अजून जपलेली आहे. मी चिडून बोलले तरी पहाटे हाक मारायला न चुकलेल्या आईचीही मी ऋणी आहे. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आपली टिपणवही निर्धास्तपणे माझ्या हाती सोपवणाऱ्या ग्रंथालयातल्या त्या अनोळखी मुलाचे नाव विचारायचेच राहून गेले, त्याचेही मनापासून आभार.