काल्पनिक नगरालाही वाजिब-उल-अर्ज हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत हल्ली काल्पनिक नगरांच्या कथा बऱ्याच येतात. मांत्रिक, उडती जनावरे, सात तटांच्या राजधान्या. आम्ही त्या आवडीने वाचतो, थोड्याफार लिहितोही. पण या नगरांत कायदे मोजून दोनच असतात: राजाची आज्ञा मोडली तर मुंडके आणि चोरी केली तर हात. सांडपाणी कुणाच्या दारावरून न्यायचे, मेलेले मांजर कुणी उचलायचे, मध्यरात्री बाळंतीण अडली तर सुईणीला वेशीतून कोण सोडणार, यावर एक ओळ सापडत नाही. नगराचा साचाही परक्या मुलखातून आणलेला: वेशीजवळ दारूचा गुत्ता, शेकोटीपाशी बसलेला अनोळखी प्रवासी आणि चिलखतातले सरदार. याहून चांगला कच्चा माल आपल्या तहसील कचेरीच्या दप्तरात आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये खास विदर्भातल्या गावांसाठी तरतुदी आहेत. कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक येते, कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज. गावच्या मोकळ्या जमिनीवर गुरे कुठे चरायची, जळतण कुठून आणायचे, मुरूम, रेती, माती कुठून खणायची, हे निस्तार पत्रकात ठरते. शेतीच्या गुरांना चराई माफ, घरच्या वापरापुरते जळतण माफ, गावातल्या कारागिरांना सवलत, अशा बाबी त्यात येतात. वाजिब-उल-अर्जात पाण्याचे, वहिवाटीच्या वाटेचे आणि मासेमारीचे रिवाज लिहून ठेवायचे. एखादी नोंद खोटी वाटली तर दिवाणी दावा लावता येतो. म्हणजे रिवाज आधी, कागद नंतर आणि कागदावर तक्रार त्याच्याही नंतर. कोणतेही नगर खरे वाटायला हा क्रम लागतो. बहुतेक कथांत तो उलटा असतो: राजाने शिलालेख कोरला आणि दुसऱ्या दिवशी लोक तसे वागू लागले!

लिहिणाऱ्याने हाच नमुना उचलावा. नगरातली प्रत्येक सामाईक वस्तू घ्यावी आणि तिच्यापुढे रकाने आखावेत: कुणी वापरायची, किती, कोणत्या वेळी, कुणाला माफ, मोडल्यास दंड किती आणि तो वसूल कोण करणार. शेवटच्या दोन रकान्यांत बहुतेकांची लेखणी अडते.

पाण्यापासून सुरुवात करू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांचे) तलाव, पाहिले तर भाग मोजकेच दिसतात: मातीची पाळ, सांडवा, पाणी सोडायचे तुडूम आणि पुढे पाट. पण प्रत्येक भागाचा नियम वेगळा, आणि त्यामागचे कारणही. पाळीवर गुरे चढवायची नाहीत, कारण खुरांनी माती सैल होते आणि पहिल्या जोराच्या पावसात तिथेच घळ पडते. पाळीवर वाढलेले झाड वाळले की त्याची मुळे कुजतात आणि आत पोकळी राहते. पाणी ती वाट बरोबर शोधते. सांडव्यावर मासे अडवायला कुणी फळ्या ठोकल्या तर तलाव चढतो, पाणी पाळीवरून वाहू लागते आणि मातीची पाळ एका रात्रीत वाहून जाते. म्हणून सांडवा अडवणाऱ्याला दंड जबर हवा, गुरे चढवणाऱ्याला हलका. तुडूम उघडायचा दिवस एकट्याने ठरवायचा नाही. डोक्याकडच्या धानाच्या बांधीला पाणी आधी की टोकाच्या, यावर दरवर्षी तोंडे वाजणारच, आणि ती कथेतही वाजू द्यावीत. आता या तलावात जलदेवी राहते असे म्हणा किंवा पाणी प्याल्याने माणूस खरे बोलू लागतो असे म्हणा. नियमांचा सांगाडा तोच राहील, फक्त दंडाचे आकडे फुगतील. खरे बोलायला लावणाऱ्या पाण्याची चोरी व्यापारी करतील की त्यांच्या बायका, हा लेखकाने सोडवायचा प्रश्न.

राजा बदलला की काय होते, हेही लिहायला हवे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, १९५१ पासून हे तलाव सरकारकडे आले आणि पाळीवर माती टाकणे नक्की कुणाचे काम, हा प्रश्न गावोगाव उभा राहिला. काल्पनिक राजधान्यांत राजे दर प्रकरणाला बदलतात, पण नव्या राजाच्या पहिल्या पावसाळ्यात तलावाची दुरुस्ती कुणी केली, हे आमच्या वाचनात अजून आलेले नाही.

दंडाच्या आकड्यांसाठी कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले नागरिकाचे प्रकरण वाचावे. नागरिक म्हणजे तिथे नगराचा अधिकारी. त्याच्या हाताखाली नगराच्या चौथ्या भागावर एक ‘स्थानिक’ नावाचा अधिकारी आणि दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांवर एक गोप. दंड ‘पण’ या त्या काळच्या नाण्यात आहेत. रस्त्यावर घाण टाकली तर एक अष्टमांश पण, चिखलपाणी तुंबवले तर पाव पण, राजमार्गावर दोन्ही दुप्पट. मेलेले मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप नगरात टाकला तर तीन पण. गाढव, उंट, खेचर किंवा गुरे टाकली तर सहा. माणसाचे प्रेत टाकले तर पन्नास. नुसते आकडे वाचून काही कळत नाही. ते मजुरीच्या तराजूत घालावे लागतात. त्याच ग्रंथात शेतावर राबणाऱ्याला जेवणाखेरीज महिन्याला सव्वा पण सांगितला आहे, म्हणजे दिवसाला पणाचा चोविसावा भाग. या हिशेबाने दारातला कचरा रस्त्यावर लोटणे मजुराला तीन दिवसांच्या रोख कमाईला पडते. मेलेले ढोर टाकणे जवळजवळ पाच महिन्यांच्या. ढोराला एवढा दंड का, हे ज्याने उन्हाळ्यात आखरावर, म्हणजे गुरे गोळा होण्याच्या जागी, ढोर कुजलेले पाहिले आहे त्याला विचारावे लागत नाही.

काल्पनिक नगराचे नाणे सोन्याचे ठेवा की शिंपल्याचे, आधी मजुराची एका दिवसाची कमाई ठरवा आणि सगळे दंड तिच्या पटीत लिहा. हे केले नाही की पहिल्या प्रकरणात भाकरी एका मोहरेला मिळते आणि पाचव्यात घोडाही एकाच मोहरेला. वाचक हिशेब करतात. विदर्भातला वाचक तर कापसाच्या क्विंटलचा हिशेब बोटांवर करणारा आहे, त्याला फसवणे सोपे नाही.

रात्रीचा कायदा याच प्रकरणात आहे आणि तो फार कामाचा आहे. अंधार पडल्यावर सहा नालिकांनी आणि पहाटेआधी सहा नालिका तूर्य हे वाद्य वाजायचे. एक नालिका म्हणजे २४ मिनिटे, म्हणजे दोन्हीकडे २ तास २४ मिनिटे फिरायला मोकळी. मधल्या वेळात राजवाड्याच्या आसपास पहिल्या किंवा शेवटच्या प्रहरात सापडला तर सव्वा पण, मधल्या प्रहरांत दुप्पट. सव्वा पण म्हणजे आपल्या मजुराचा अख्खा महिना! पण खरी गंमत सवलतींत आहे. बाळंतपणाला जाणारे, औषधपाण्याला जाणारे, प्रेत नेणारे, हातात दिवा असलेले, आग विझवायला धावणारे, परवाना जवळ असलेले, या सगळ्यांना मुभा. एका अर्थाप्रमाणे खेळ पाहायला जाणाऱ्यांनाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालते आणि प्रेक्षक उजाडताना घरी जातात. ही मुभा नसलेल्या नगरात एका प्रयोगानंतर निम्मी वस्ती चावडीवर बसलेली असेल. आणि ज्याला अडवायचे नाही त्याला अडवणाऱ्या, किंवा ज्याला अडवायचे त्याला सोडणाऱ्या पहारेकऱ्याला त्या दंडाच्या दुप्पट दंड. हे एक वाक्य घातले की नगरातला प्रत्येक पहारेकरी जिवंत पात्र होतो, कारण समोरच्या बाईच्या हातातला कंदील विझलेला असताना ती खरोखर सुईण आहे की नाही, हे त्याला तिथेच, त्याच घटकेला ठरवायचे असते.

वेशींचेही तसेच. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला चार मोठे दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे, आहेत. खिडक्यांत एक मसाण खिडकी, एक चोर खिडकी. कथेतला तट मात्र नेहमी एकाच महाद्वाराचा. तिरडी, खतमातीची बंडी, वरात आणि मीठ-मिरचीचा व्यापारी सगळे त्याच दारातून! खिडकीला वेगळी वेळ, वेगळी किल्ली, वेगळा राखणदार दिला की कायदा आपोआप निपजतो.

आता जादू. जादू हीही सामाईक वस्तूच धरावी. समजा मांत्रिक तेलवातीशिवाय रात्रभर उजेड पाडतात. लेखक इथे नगर झगमगते असे लिहून मोकळा होतो. पण तटाबाहेर वावरे आहेत. सोयाबीनला फुलावर यायला लांब, अखंड अंधार लागतो. आपल्याकडे रस्त्याच्या दिव्याखालचा पट्टा बाकी वावर पिवळे पडले तरी हिरवागार राहतो आणि शेंगा मागे पडतात, हे धुऱ्यावरून कुणालाही दिसते. धानाचे जुने उशिराचे वाणही दिवसाच्या लांबीवरच निसवतात. तेव्हा काल्पनिक नगरातला पहिला खटला राक्षसाविरुद्ध नसून मांत्रिकांच्या आळीविरुद्ध असणार, आणि फिर्यादी तटालगतचे शेतकरी. नियम असा बसतो: श्रावणापासून पीक निसवेपर्यंत तटावरच्या उजेडाला बाहेरच्या बाजूने झाप लावायची, न लावल्यास जेवढ्या तासांचे, म्हणजे पेरणीच्या ओळींचे, पीक मागे पडले तेवढ्याची भरपाई धान्यात. मोजणी कोण करणार? तटापासून एकाच ओळीत पन्नास पावलांवरचे आणि पाचशे पावलांवरचे ताटवे शेजारी ठेवून दोन पंच करतील. अंदाजाने दिलेला निवाडा टिकत नाही.

उडत्या जनावरांना कोंडवाड्याचा कायदा लावून पाहावा. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यात पिकात शिरलेले जनावर धरणाऱ्याने ते २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचे असते. कोंडवाडेवाला वर्णन, धरणाऱ्याचे नाव आणि माहीत असल्यास मालकाचे नाव वहीत लिहितो. मालक दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून जनावर सोडवतो. सात दिवसांत कुणी आले नाही तर नोटीस, मग पुढच्या सात दिवसांनंतर लिलाव. जबरदस्तीने जनावर सोडवून नेणे वेगळा गुन्हा. आता उडत्या म्हशींना हे लावा. पहिली अडचण छताची: जनावर वरून निघून जाते, म्हणून कोंडवाड्याला जाळी हवी आणि जाळीचा खर्च चराईच्या कराला जोडावा लागेल. दुसरी अडचण ओळखीची: खालून पाहणाऱ्याला शिंगांचा रंग किंवा गळ्यातली घंटा दिसत नाही, तेव्हा पोटावर खूण रंगवणे सक्तीचे. तिसरी अडचण नुकसानीची. वावरात शिरलेल्या गुरांनी काय खाल्ले ते दिसते, पण म्हैस छपरावर उतरली तर कवेलू फुटतात आणि विहिरीवरून गेली तर शेण पाण्यात पडते. कवेलूंचा हिशेब नगावर होतो. विहिरीचा मात्र पूर्ण उपशाच्या मजुरीवर करावा लागेल, आणि तोपर्यंत आळीला पाणी कुणी पुरवायचे? म्हशीच्या मालकाने. हे लिहिले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात नगरात उडत्या म्हशी ठेवायला कुणी धजणार नाही.

आगीबद्दल थोडक्यात: अर्थशास्त्रात आग विझवायला न धावणाऱ्या घरमालकाला बारा पण, भाडेकरूला सहा, निष्काळजीपणे आग लावणाऱ्याला चौपन्न, आणि प्रत्येक घरी पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, आकडा, पखाल. आग ओकणारा प्राणी असलेल्या नगरात एवढे तरी असावेच.

शेवटी रिवाज. सगळ्या गोष्टींना दंड लावता येत नाही. पोळ्याच्या तोरणाखाली मानाची जोडी कोणत्या घरची, याला कुठल्याही कलमाचा आधार नसतो, तरी तो मान मोडला तर बैल तोरणाखाली थांबून राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, थांबतात आणि गाव दोन तटांत उभे राहते. खांदेमळण झाली की दुसऱ्या दिवशी बैल जुंपायचा नाही, हे कुणी लिहून दिलेले नाही. पण जुंपणाऱ्याच्या घरी त्या दिवशी कुणी पाणीही प्यायचे नाही. काल्पनिक नगराचे रिवाज लिहिताना असा एक तरी मान ठरवावा जो राजालाही हलवता येत नाही. तो कोणत्या घराकडे आहे, त्या घरात वारस नसेल तर कुठे जातो, आणि दोन भावांनी वाटणी मागितली तर एक वर्षाआड देतात की वयाने देतात, हे तिन्ही ठरलेले असावे. एक वर्षाआड देण्याची पद्धत लेखकांनी सांभाळून वापरावी. अधिक मास आला की वर्ष कुणाचे यावरून पुन्हा वाद सुरू होतो.

आपल्याला विनंती एवढीच की क्रमशः चालणाऱ्या अशा कथेच्या पहिल्या भागाबरोबर त्या नगराचा दंडाचा तक्ता पाव रकान्यात छापावा. लेखकाकडे तो तयार नसेल तर पुढच्या रविवारची वाट पाहायला आमची हरकत नाही.

कळावे.

आपले,
काही वाचक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर