ती. आई-बाबांना, सिंगापूरहून, गाडीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

गाडी घ्यायचं पक्कं झालं आहे, आगाऊ रक्कमही भरली आहे. बाबा, "एवढ्यात कोथरूडला फ्लॅट येतो" हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच सगळा हिशेब लिहिते, म्हणजे तुम्हाला रात्री छताकडे बघत आकडेमोड करायला नको.

गाडी महाग नाही, तिच्यावरचे कर महाग आहेत. बंदरात उतरताना गाडीची जी किंमत धरतात तिला इथे ओएमव्ही म्हणतात. ती २२,००० सिंगापूर डॉलर धरा. त्यावर २० टक्के अबकारी, म्हणजे ४,४००. दोन्हींच्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी, २,३७६. मग एआरएफ नावाचा नोंदणी कर: पहिल्या २०,००० वर शंभर टक्के, पुढच्या २,००० वर १४० टक्के, मिळून २२,८००. नोंदणीचे ३५०. इथपर्यंत ५१,९२६ होतात. त्यानंतर सीओई, म्हणजे दहा वर्षं गाडी बाळगायचा परवाना, आणि तोच आता लाख डॉलरच्या आसपास फिरतो. विक्रेत्याचा नफा वेगळा.

बेट छोटं आहे, रस्ते वाढवायला जागा नाही, म्हणून १९९० पासून सरकार परवाने मोजून देतं. महिन्यातून दोनदा लिलाव असतो, सोमवारी दुपारी सुरू होऊन बुधवारी चारला संपतो. आपली गाडी, टोयोटाची सिएन्टा, १६०० सीसीच्या आतली, त्यामुळे लहान गाड्यांच्या गटात बसते. आपल्या वतीने बोली विक्रेता लावतो आणि गडबड होते ती इथेच. बिनहमीच्या सौद्यात बोली हुकली की "अजून इतके घाला" म्हणून फोन येतो. आम्ही हमीचा सौदा घेतला आहे. किती फेऱ्यांत परवाना मिळाला नाही तर आगाऊ रक्कम परत, आणि सीओई ठरलेल्या पातळीखाली आली तर फरक आम्हाला, हे दोन्ही करारात लिहून घेतलं. तोंडी शब्दावर काही ठेवलं नाही. तात्यांच्या वेळचं कोण विसरेल, बाबा!

जुनी का नाही, हे आई विचारणार. पाहिल्या ना. इथे गाडीची किंमत नाही, वर्षाचा घसारा बघतात: किंमतीतून शेवटी परत मिळणारी रक्कम वजा करायची आणि परवान्याच्या उरलेल्या वर्षांनी भागायचं. चार वर्षं उरलेली गाडी स्वस्त दिसते, पण हा भागाकार केला की फरक फारसा राहत नाही. शिवाय परवाना संपला की एकतर गाडी मोडीत, नाहीतर गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी सीओईने नूतनीकरण. पाच वर्षांचं केलं तर पुन्हा करता येत नाही, आणि मोडीत काढताना एआरएफचा जो भाग परत मिळतो तोही जातो.

ओएमव्ही २०,००० च्या वर असली की बँक ६० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, सात वर्षांसाठी. उरलेले ४० टक्के आम्ही साठवले आहेत. बाबा, एफडी मोडायची नाही. तुमचं मन मला कळतं, पण ते पैसे तुमच्या गुडघ्याचे आणि आईच्या दातांचे आहेत. कर्ज सात वर्षांत फिटेल आणि पुढची तीन वर्षं हप्त्याशिवाय जातील. खालच्या छपराच्या पार्किंगचे महिन्याला ११० डॉलर, तेही हिशेबात धरले आहेत.

आणि तुम्ही इकडे येणार आहात, म्हणून गाडी तुमच्यासाठी निवडली आहे. मागचं दार सरकतं, त्यामुळे चिंचोळ्या जागेतही पूर्ण उघडतं. बैठक ना सेडानसारखी खोल, ना जीपसारखी उंच. बाबा, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, गुडघ्याला पीळ पडत नाही. आई, खिडकीची जागा तुझी. आंबेनळी घाटात माझ्या हातात आवळकाठी ठेवून डोकं मांडीवर घ्यायचीस, आता तू माझ्या खांद्यावर डोकं टेकव. इथे घाट नाहीत, तशी वळणं नाहीत, तुला मळमळणार नाही.

बाबा, एक गोष्ट मन घट्ट करून लिहिते. तुमचा गाडी चालवायचा परवाना इथे पाहुण्यासाठी चालतो, पण विम्यात नावं आम्हा दोघांचीच ठेवली आहेत. तुमच्याइतका शांतपणे गाडी चालवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. यावेळी मात्र तुम्ही शेजारी बसून रस्ता सांगा.

आता सूचना, आणि त्या पाळायच्या. मागे बसलं तरी पट्टा लावायचा, इथे कायदाच आहे. औषधं तीन महिन्यांपुरतीच, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या गोळीला आधी परवानगी लागते. तिचं नाव मला आजच कळवा, अर्ज मी करते. आई, खसखस अजिबात आणायची नाही, अनारशावरचीसुद्धा नाही. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, "मला काही झालं नाहीये" म्हणून ती नाकारायची नाही.

तुमची,
मनू

ता. क. बाबांचा रक्तदाब सकाळी चहाच्या आधी मोजून रोज लिहून ठेव, आई. येताना ती वही हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.