म्हापशाच्या कीबोर्डवाल्या दादांना, देव बरें करूं

दादा, सप्रेम नमस्कार.

रात्री मराठी टाइप करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे पत्र. आतून दिवा असलेल्या कीबोर्डच्या बटणांच्या फटींतून थेट डोळ्यांत येणारा उजेड कसा आवरायचा, ते तुम्ही मापं देऊन शिकवलंत. ती मापं इतरांच्याही हाती पडावीत म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहोत.

पहिले आभार तुमच्या कसोटीचे. खोलीत अंधार करायचा, कीबोर्डचा दिवा पांढरा आणि पूर्ण ठेवायचा, नेहमीच्या जागी बसायचं आणि एक बटण तळापर्यंत दाबायचं. कडेचा उजेड जवळजवळ मिटला, तर तो कीकॅपखालून, म्हणजे बटणाच्या वरच्या टोपीखालून, स्विच ज्यात बसवलेले असतात त्या प्लेटवर आपटून येतोय. दाबूनही कीकॅपच्या भिंतीच उजळल्या, तर दोष कीकॅपचा. मोबाइलच्या फोटोवरून ठरवायचं नाही, अंधारात कॅमेरा उजेड फुगवून दाखवतो.

मेकॅनिकल कीबोर्डात, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो त्यात, प्लेट पांढरी किंवा चंदेरी असली की तीच आरशाचं काम करते. दोन बटणांच्या मध्यांत 19.05 मिमी अंतर, त्यात स्विचची वरची कड सुमारे 15.6 मिमी खाते. म्हणजे ओळींमध्ये साडेतीन मिमीला जरा कमी जागा उरते. म्हणून ओळींमध्ये प्लेटवर चिकटवायची तुमची काळी पट्टी 3 मिमीची. नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडून मॅट काळं व्हिनाइल आणायचं, स्टीलच्या पट्टीवर कटरने कापायचं. यूएसबी काढून ठेवायची, कीकॅप तारेच्या पुलरने सरळ वर ओढायच्या, प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यायची आणि मगच चिकटवायचं. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत ही पुसण्याची पायरी गाळली, तर टोकं उचलतात आणि कीकॅपला घासतात. स्पेसबार, शिफ्ट, एंटर यांच्या स्टॅबिलायझरपाशी, म्हणजे लांब बटण सरळ दाबलं जावं म्हणून बसवलेल्या तारेपाशी, पट्टी तोडायची, नाहीतर तार अडकते. पट्टी स्विचच्या कडेखाली सरकवायची नाही; स्विचच्या खाचा साधारण 1.5 मिमी जाडीच्या प्लेटसाठी असतात, जाडी वाढली की स्विच नीट बसत नाही.

इलेक्ट्रिशियनची काळी टेप नको म्हणालात, ते किती खरं! मे महिन्याच्या उकाड्यात तिचा डिंक पाझरतो आणि त्यावर केस-धूळ बसते. ॲल्युमिनियमची टेप तर दुहेरी चूक: उजेड परतवते आणि वीजही वाहून नेते.

कीकॅपच्या भिंती उजळत असतील, तर आतून मॅट काळा ॲक्रिलिक, शून्य नंबरचा ब्रश, दोन पातळ हात. मधल्या दांड्याला आणि अक्षराखालच्या भागाला रंग लागू द्यायचा नाही. जाड थर स्विचला घासून सुटतो आणि त्याचे कण आत पडतात. मुद्दाम अर्धपारदर्शक बाजूंच्या कीकॅप असतील तर रंगवत बसू नये, बदलाव्यात.

पण सगळ्यात मोठं ऋण इनस्क्रिप्टच्या, म्हणजे मराठी अक्षरांच्या प्रमाणित मांडणीच्या, स्टिकरांचं. अपारदर्शक स्टिकर अख्ख्या बटणावर लावला की अक्षराची खिडकी बुजते, वरून अंधार होतो आणि कडेचा उजेड तेवढा उरतो. मग गळती वाढली असं वाटतं, दिवा आणखी वाढवला जातो आणि डोळे आणखी दुखतात. तुमचा उपाय साधा. बहुतेक अशा कीबोर्डांत एलईडी स्विचच्या वरच्या अंगाला असतो, म्हणून इंग्रजी अक्षरही वर छापलेलं असतं. स्टिकर कापून फक्त खालच्या अर्ध्या भागात लावायचा: ‘के’ खाली ‘क’, ‘जे’ खाली ‘र’. अक्षर उजळतं, खाली मराठी दिसतं आणि दिवा निम्म्यावर आणता येतो. निम्म्या दिव्यावर कडेची गळतीही आपोआप खाली येते. एवढा विचार मराठी टाइप करणाऱ्यांसाठी कुणी करतं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं.

आणि एका नकाराचे आभार. लॅपटॉपच्या एकाच कोपऱ्यात अचानक फट पडून उजेड येऊ लागला, टचपॅडही घट्ट झाला, तर स्क्रू आवळून द्यायला तुम्ही साफ नाही म्हणता. तिथे खाली बॅटरी फुगलेली असू शकते, दाबणं धोक्याचं. मशीन बंद, चार्जर काढलेला, आधी बॅटरी बदला, कीबोर्डचं नंतर बघू, असं सांगून तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवता. त्या वेळी हातचे पैसे सोडता, हे आम्हाला ठाऊक आहे.

आपले ऋणी,
फोंडा आणि डिचोलीचे मराठी टंकलेखक